जामीन झाला, माणूस आत राहिला

माझ्या धाकट्या भावाला कोर्टाने जामीन दिला तो शिमग्यानंतर. तो घरी आला चवथीच्या तोंडावर. मधला सगळा काळ तो तुरुंगात होता, आणि त्यातले बरेच आठवडे एका वेगळ्या कोठडीत, एकटा. हे त्याला विचारूनच लिहितेय. "माझं नाव घालू नकोस," एवढंच तो म्हणाला. खटला अजून चालू आहे, म्हणून तुरुंगाचं आणि कोर्टाचं नावही मी घालत नाही.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मी अंगणवाडीत आहे. बाबांचा खाणीवरचा ट्रक २०१२ च्या बंदीत गेला. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, तेव्हा भावाचं अवजड वाहनाचं लायसन्स नुकतंच हातात आलं होतं. आमच्याकडच्या कितीतरी मुलांसारखा तोही मग किनाऱ्याकडे गेला आणि एका हॉटेलात लागला. तिथल्या काउंटरवरची रोकड गेली, मालकाने तक्रार केली, आणि पोलिसांनी त्याला उचललं. नोकराने मालकाकडे चोरी केल्याचं कलम लागलं. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याने पैसे घेतले नाहीत असं तो म्हणतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. निकाल कोर्ट देईल.

विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो हे आम्हाला पंचायतीतल्या एका ओळखीच्याने सांगितलं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आम्हाला मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या, पण त्यांच्या कामात कुठे ढिलाई नव्हती. त्यांनी जामीन मिळवला. अट अशी : पन्नास हजारांचा स्वतःचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक, ऐपतदार हमीदार.

इथे आमची गाडी अडली. आमचं घर मुंडकाराचं. पणजोबांपासून आम्ही त्याच चार भिंतींत राहतो, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. १९७५ च्या मुंडकार कायद्याने आम्हाला त्या घरातून कोणी काढू शकत नाही, पण घराखालची जागा विकत घेण्याचं प्रकरण मामलेदाराकडे वर्षानुवर्षं पडून आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, आमचं नाव नाही. घरपट्टीची पावती आमच्या नावाची, विजेचं बिल आमच्या नावाचं, आजोबांच्या काळापासूनचं रेशनकार्ड आहे. यातला एकही कागद ऐपतीचा पुरावा म्हणून चालला नाही. मामा दोडामार्गला असतो. त्याची काजूची बाग आहे, सातबारा स्वच्छ, कर्ज नाही. आमच्या घरापासून दोडामार्ग पणजीपेक्षा जवळ आहे. आईचं माहेरच ते. मामा सातबारा आणि आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळच्या पहिल्या गाडीने आला, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहिला, आणि संध्याकाळी त्याला सांगण्यात आलं की जमीन महाराष्ट्रातली आहे, चालणार नाही.

त्याच दिवशी एका मोठ्या घरातल्या मुलाचा जामीन झाला. गाडी चालवताना एका माणसाचा जीव गेल्याचा गुन्हा होता त्याच्यावर. बापाने बँकेची मुदत ठेव पुढे केली, आणि मुलगा त्या रात्री घरी जेवला. त्याला जामीन का दिला असं मी म्हणत नाही. जामीन त्याचा हक्कच होता. माझ्या भावाचाही होता, आणि कागदावर तो त्याला मिळालेलाही होता.

गावात हमी राहायला कुणी पुढे येईना. एका शेजाऱ्याने होकार दिला, मग त्याच्या मुलांनी नको म्हटलं. कोर्टाबाहेर एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, पंधरा हजार द्या, हमीदार मी उभा करतो. वकीलबाई म्हणाल्या, असले हमीदार खोटे निघतात आणि मग जामीनच रद्द होतो. आईने मंगळसूत्र काढून माझ्या हातात ठेवलं होतं, तेही परत नेलं.

२०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसं होती आणि त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. म्हणजे चारातले तीन. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यातल्या किती जणांच्या खिशात जामिनाचा आदेश होता आणि हातात उतारा नव्हता, हा प्रश्न मला सारखा पडत राहतो.

बराकीत भाऊ सुरुवातीला बरा होता. जेवणाची तक्रार करायचा, माशांची आठवण काढायचा, आईची औषधं विचारायचा. पाऊस सुरू झाला आणि बराकीचं छप्पर गळायला लागलं. कोरड्या कोपऱ्यात अंथरूण कुणी घालायचं यावरून त्याची एकाशी हातघाई झाली. दोघांनाही वेगळ्या कोठड्यांत हलवलं. दुसऱ्याचा वकील दोन-तीन दिवसांत येऊन भेटला आणि तो माणूस बराकीत परतला. आमच्या वकीलबाईंपर्यंत ही गोष्ट पोहोचलीच नाही. मला मुलाखतीच्या दिवशी कळलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "त्याच्याच सुरक्षेसाठी ठेवलाय."

त्यानंतरच्या मुलाखती मला तपशिलाने सांगायच्या आहेत, कारण माणूस कसा मोडतो हे एका भेटीत दिसत नाही.

मधे काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर. कोठडीत गेल्यावर पहिल्या भेटीत तो नेहमीपेक्षा जास्तच बोलला. एकामागून एक प्रश्न, उत्तराला थांबायचाच नाही. दुसऱ्या वेळी तो डोळे बारीक करून बसला होता. वरची ट्यूब त्याला सहन होत नव्हती. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नानंतर यायचं. "आई बरी आहे" असं मी म्हटलं, मग मामाचं काहीतरी सांगितलं, आणि मधेच तो म्हणाला, "हो, तिला सांग मी जेवतो." नखं पार मुळापर्यंत कुरतडलेली. दाराच्या फटीतून ताट आत येतं, देणारा बोलत नाही, असं त्याने सांगितलं. कोण येतंय ते चपलेच्या आवाजावरून त्याला ओळखता यायला लागलं होतं.

मी विचारलं, "आज तुझ्याशी कोण बोललं?"

"तू."

"आणि काल? परवा?"

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "गेल्या वेळी तूच आली होतीस ना?"

पुढच्या भेटीत फोन उचलून तो बराच वेळ नुसता पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, तू खरी आलीयस ना?" रात्री त्याला आईची हाक ऐकू यायची, विहिरीवरून मारते तशी. ती हाक खरी नाही हे त्याला कळत होतं. तरी तो मोठ्याने ओ द्यायचा, कारण ओ दिली नाही तर आई काळजी करील. हे त्याने मला अगदी सरळ सांगितलं, पावसाचं सांगावं तसं. मागून शिपाई म्हणाला, "वेळ जालो, बाये." आणि उठता उठता भावाने विचारलं, "मी पैसे घेतले असं कबूल केलं, तर लवकर सोडतील ना?"

बसमध्ये मला त्या हाकेपेक्षा हा प्रश्न जास्त छळत होता.

वकीलबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा हातात वही घेतली आणि तारखा लिहून घेतल्या. मग त्यांनी मला जे समजावून दिलं ते मी नंतर स्वतः वाचलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांना वागवण्याचे जे नियम स्वीकारले, त्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात. माणसांशी खरा संपर्क नसताना दिवसाचे २२ तास किंवा जास्त कोंडून ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपेक्षा जास्त असा एकांतवास देऊ नये, असं त्यांत आहे. स्टुअर्ट ग्रासियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८३ मध्ये एकांतवासातल्या कैद्यांबद्दल लिहिलं, त्यात प्रकाश आणि आवाज न सोसणं, नसलेले आवाज ऐकू येणं, विचार एका जागी न राहणं, घाबरं होणं हे सगळं नोंदलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं मी काचेपलीकडे बघत होते. न्यूयॉर्क शहरातल्या तुरुंगांवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकांतवासाची शिक्षा झालेले कैदी स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास सात पट आढळलं.

त्याच शहरातल्या कालीफ ब्राउडरबद्दल मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१० मध्ये, सोळाव्या वर्षी, दप्तर चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. जामीन तीन हजार डॉलर. घरच्यांकडे तेवढे नव्हते. सुमारे तीन वर्षं तो रायकर्स आयलंडच्या तुरुंगात राहिला, त्यातली जवळपास दोन वर्षं एकांतात. गुन्हा कबूल कर, सोडतो, असं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आणि त्याने दर वेळी नकार दिला. २०१३ मध्ये खटला काढून टाकला. २०१५ मध्ये त्याने घरी आत्महत्या केली. मी आईला यातलं काही सांगितलं नाही.

आपल्याकडचा कायदा याबाबत पुष्कळ स्पष्ट आहे. एकांतवास ही शिक्षा आहे आणि ती फक्त न्यायालय देऊ शकतं, तीही सक्तमजुरीची शिक्षा ठोठावताना. जुन्या दंडसंहितेत ७३ आणि ७४ ही कलमं होती, भारतीय न्याय संहितेत ती ११ आणि १२ झाली. सगळा मिळून तीन महिन्यांच्या वर नाही, एका वेळी १४ दिवसांच्या वर नाही. मूळ शिक्षा तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर महिन्याला सात दिवसांच्या वर नाही. दोषी ठरलेल्याला इतकी मोजून मापून द्यायची गोष्ट कच्च्या कैद्याच्या वाट्याला बेहिशेबी येते. सुनील बात्रा प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तुरुंगाधिकारी आपल्या अधिकारात असा एकांतवास देऊ शकत नाही. आणि बात्रा तर फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. त्याच निकालात चार्ल्स सोभराजच्या बेड्यांचाही प्रश्न होता. तोच सोभराज, जो पुढे १९८६ मध्ये आमच्या पर्वरीच्या एका रेस्टॉरंटात पकडला गेला. ती गोष्ट गोव्यात सगळ्यांना पाठ आहे, निकाल कुणाला माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होता? १८९४ चा जुना तुरुंग कायदासुद्धा म्हणतो की चोवीस तासांपेक्षा जास्त एकट्या कोंडलेल्या कैद्याला वैद्यकीय माणसाने रोज एकदा तरी पाहिलं पाहिजे.

आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय आहे. आम्ही मुलांना तिथे नेतो, कोठड्या दाखवतो, स्वातंत्र्यसैनिकांनी काय सोसलं ते सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. मोहन रानडे यांना पोर्तुगिजांनी २६ वर्षांची शिक्षा दिली, लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात ठेवलं, त्यातली सहा वर्षं एकांतात. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारखी माणसं झटली. एकट्या कोठडीत माणसाचं काय होतं हे गोव्याला कुणी नव्याने शिकवायला नको. पण तेव्हा बाहेर कुणीतरी नाव घेणारं होतं. हॉटेलात भांडी उचलणाऱ्या मुलाचं नाव घ्यायला एक अंगणवाडीवाली बहीण आणि एक सरकारी मदतीची वकील. ज्यांना तेवढंही कुणी नाही, परराज्यातून आलेले मजूर, ज्यांच्या घरच्यांना ते कुठे आहेत हेही ठाऊक नसतं, त्यांच्या कोठडीत महिने कसे जात असतील?

वकीलबाईंनी दोन अर्ज केले. पहिल्यात त्यांनी भांडण केलं नाही, फक्त मागितलं : वेगळ्या कोठडीत ठेवण्याच्या लेखी आदेशाची प्रत, किती दिवसांसाठी ठेवलं ती मुदत, आणि डॉक्टरांनी रोज तपासल्याची नोंद. सोबत मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणीची विनंती. लेखी आदेश आजतागायत आमच्या हाती आलेला नाही. पण अर्जाची सुनावणी व्हायच्या आधीच भाऊ बराकीत परत गेला होता. ज्यांचं माणूस आत आहे त्यांना मी हेच सांगते : तोंडी विचारू नका, कागदावर मागा आणि पोच घ्या.

दुसरा अर्ज हमीदाराचा. १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटने त्याची हमी नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आणि ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं : जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात हमी भरली गेली नाही तर कोर्टाने आपणहून अट सैल करता येते का पाहावं, स्थानिक हमीदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा ती अट घालू नये. आमच्या बाबतीत महिना कधीच उलटून गेला होता. वकीलबाईंनी दोन्ही निकाल जोडले. या वेळी न्यायाधीशांनी नीट ऐकलं, रक्कम कमी केली आणि मामाचा सातबारा स्वीकारला. तोच सातबारा, तीच प्लास्टिकची पिशवी.

भाऊ घरी आला. पहिल्या रात्री त्याने खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि दिवा चालू ठेवला. पाणी प्यायला उठायच्या आधी तो विचारायचा, "उठू?" सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की अंग चोरून भिंतीला टेकायचा. लहानपणी त्याच भोंग्यावर तो उंडे आणायला धावत सुटायचा. चवथीला घर भरलं. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला तो हात लावेल असं आईला वाटलं होतं. वाड्यावर त्याच्यासारखं घुमट वाजवणारं कुणी नाही. आरतीला पोरांनी घुमट त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने दोन थापा मारल्या, झांजा सुरू झाल्या, आणि तो घुमट बाजूला ठेवून परसात निघून गेला. मी मागे गेले तर दोन्ही कानांवर हात ठेवून न्हाणीघराच्या भिंतीशी उभा. पाहुण्यांत कुणीतरी म्हणालं, "तुरुंगाची हवा लागली." मी आयुष्यात पहिल्यांदा चवथीच्या घरात पाहुण्याला उलट बोलले.

बांबोळीच्या मनोविकार संस्थेत आम्ही जातो. गोळ्या चालू आहेत. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू सुधारणा होईल, त्याला बोलायला भाग पाडू नका पण एकटंही ठेवू नका. आवाज ऐकू येणं आता जवळजवळ थांबलंय. बाजारात अजून जात नाही.

पण सगळ्यात मोठी अडचण कोर्टात आहे, आणि ती कुणी धरतच नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून काही सांगतो, ते खरं की खोटं हे आरोपीने आपल्या वकिलाच्या कानात सांगायचं असतं. भाऊ ऐकतो, पण वाक्य त्याच्या मनात टिकत नाही. मागच्या तारखेला मालकाच्या माणसाने त्या रात्रीची ड्युटी चुकीची सांगितली. भावाला ते घरी आल्यावर, रात्री जेवताना आठवलं. मुदत ठेव असलेल्या घरचा मुलगा बाहेर राहून, नीट झोपून, वकिलाबरोबर बसून खटला लढवतो. उतारा नसलेल्याला आधी एकट्या कोठडीत पाठवायचं आणि मग त्याच डोक्याने त्याने आपला बचाव करायचा. दोघांसाठी कायद्याचं पुस्तक एकच आहे.

वकीलबाईंनी कोर्टाकडून मला त्याच्याजवळ बसायची परवानगी घेतली आहे. मी वहीत लिहून घेते आणि मधल्या सुट्टीत त्याला वाचून दाखवते. पुढच्या तारखेला हॉटेलच्या हिशेबनिसाची उलटतपासणी आहे. काउंटरच्या खणाला चार चाव्या होत्या आणि त्या रात्री त्या कुणाकुणाकडे होत्या हे भावानेच सांगायला हवं. रोज संध्याकाळी, आई भाकऱ्या करत असते तेव्हा, आम्ही त्यातलं थोडं थोडं बोलतो. सध्या त्याला तीन चाव्यांचं सांगता येतं.